चोथा

च्वांगत्सूच्या पुस्तकातली ही गोष्ट मला पहिल्यांदा एका रीलमध्ये भेटली. अर्ध्या मिनिटात गोष्ट, मागे बासरी आणि शेवटी तात्पर्य: पुस्तकं सोडा, कामाला लागा. मी लाइक ठोकून पुढे गेलो. वर्षभराने बर्टन वॉट्सन यांच्या इंग्रजी भाषांतरात ती नीट वाचली, तेव्हा कळलं की रीलने तिचे दोन महत्त्वाचे भाग कापून टाकले होते. एक धमकी आणि एक मुलगा.

गोष्ट अशी. छी राज्याचा अधिपती ह्वान वर दालनात वाचत बसलाय. खाली ब्येन नावाचा सुतार चाक घडवतोय. हातातली हत्यारं ठेवून ब्येन वर जातो आणि काय वाचताय म्हणून विचारतो. ज्ञानी पुरुषांची वचनं, असं उत्तर येतं. ते हयात आहेत का? नाहीत. मग हा त्यांचा चोथाच की, असं सुतार म्हणतो. ह्वान भडकतो. एका चाकवाल्याने आपल्या वाचनावर बोलावं? नीट कारण दे, नाहीतर जीव जाईल.

ब्येन कारण देतो, पण फक्त स्वतःच्या कामातलं. घाव सावकाश घातला तर हत्यार निसटतं, घाईने घातला तर अडकतं. मधली गत हाताला कळते, तोंडाने सांगता येत नाही. ती मुलाला शिकवता आली नाही, म्हणून सत्तरी गाठली तरी मीच चाकं घडवतोय. त्या ज्ञानी लोकांचंही जे सांगता येण्याजोगं नव्हतं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

इथे गोष्ट संपते. सुतार वाचला की नाही, हे लिहिलेलं नाही.

ह्वान ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. इ.स.पू. ६८५ ते ६४३ असा त्याचा काळ. च्वांगत्सू इ.स.पू. चौथ्या शतकातला, म्हणजे संवाद कल्पितच. आणि 'ज्ञानी पुरुष' हा साधा शब्द नाही. मूळ शब्द 'शंगरन'. आपल्या 'ऋषी'ला अरण्याचा वास आहे. शंगरन म्हटलं की चिनी परंपरेत याओ, शुन, यू हे प्राचीन आदर्श राजे आठवतात. हा शब्द एवढा जड की कन्फ्यूशियसने तो स्वतःला लावून घ्यायला नकार दिला. तेव्हा सुतार केवळ पुस्तकाला नावं ठेवत नाहीये, राज्यकर्ता ज्यांच्या नावावर राज्य करतो त्यांनाच हात घालतोय.

म्हणून मला 'पोथीतली वांगी पोथीत' हे तात्पर्य अपुरं वाटतं. याच पुस्तकात तिंग नावाचा खाटीक आहे. तोही हाताच्या कौशल्याबद्दल बोलतो, पण त्याचा राजा खूश होऊन त्याच्याकडून जगणं शिकतो. ती गोष्ट ऐकायला गोड आहे. ब्येनच्या गोष्टीत मात्र ज्याला सगळं येतं तो खाली उभा आहे, आणि 'समजावून सांग' हा हुकूम मरणाच्या धाकाने येतो.

हे मला उशिरा कळलं, कारण असा हुकूम पोचवायचं काम मी केलंय.

आमच्या टीममधल्या एका सीनियरला कंपनीने दोन आठवड्यांची मुदत देऊन जायला सांगितलं. पेमेंटची जुनी सिस्टीम त्यांनी दहा वर्षं सांभाळली होती. 'केटी घेऊन ठेव,' मला सांगण्यात आलं. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्स्फर. जाणाऱ्याच्या डोक्यातलं राहणाऱ्याच्या फोल्डरमध्ये. मी चौदा व्हिडिओ रेकॉर्ड केले, चाळीस पानांचं डॉक्युमेंट करून घेतलं. ते मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, 'हे बघितल्यावर कळतं रे.' मी म्हणायचो, 'तरी लिहा ना सर.'

तीन महिन्यांनी रात्री अडीचला सिस्टीम बसली. डॉक्युमेंटमधली प्रत्येक पायरी केली. प्रत्येक पायरी बरोबर होती. सिस्टीम उठली सकाळी सातला, आणि कशामुळे उठली ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांना फोन करता आला असता. केला नाही, लाज वाटली.

पण म्हणून मी ब्येनच्या बाजूने पूर्ण मत देत नाही. त्याच्या युक्तिवादात एक भोक आहे. मुलाला शिकवता येत नाही म्हणतो, मग तो स्वतः कुणाकडून शिकला? चाकं तर पिढ्यान्‌पिढ्या घडत आली. कुणीतरी त्याला शेजारी बसवून घेतलं असणार, चुकलेला घाव बघून नुसतं 'हं' केलं असणार. गोष्टीत हा गुरू कुठेच नाही. तो आला असता तर 'सांगता येत नाही' आणि 'देता येत नाही' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे उघड झालं असतं. सांगता न येणारं देता येतं, फक्त वर्षं लागतात. दोन आठवड्यांत होत नाही.

उरतो नेहमीचा आक्षेप: पुस्तकं चोथा, हे आपल्याला पुस्तकातूनच कळतं. इथे तर गंमत आणखी आहे. ही गोष्ट तेराव्या प्रकरणात येते, आणि पुस्तकाचा हा भाग खुद्द च्वांगत्सूचा नसून नंतरच्या लोकांचा असावा असं बरेच अभ्यासक मानतात. जुन्या नोंदीत बावन्न प्रकरणं होती; आज आपण वाचतो ती तेहतीस, क्वो श्यांग या संपादकाने राखलेली. ज्याने ही गोष्ट लिहिली त्याचं नावही उरलं नाही. पण चोथ्यावरून निदान चहा झाला होता एवढं कळतं, आणि तो कुणी केला हे विचारावंसं वाटतं.

'शंग' या अक्षराच्या सर्वांत जुन्या, हाडांवर कोरलेल्या रूपात मोठ्या कानाचा माणूस आणि तोंड दिसतं. ज्ञानी म्हणजे आधी ऐकणारा. विसाव्या शतकात चीनने लिपी सोपी केली तेव्हा त्यातला कान गेला. आता वर हाताची खूण आहे आणि खाली माती. हा निव्वळ योगायोग. पण ब्येनला तो आवडला असता.

त्या चौदा व्हिडिओंपैकी एक मी परवा पुन्हा लावला. सर थांबतात, स्क्रीनकडे बघत राहतात, आणि त्या शांततेत माझाच आवाज येतो: 'सर, पुढे?'