खेळ मोडणारा कोण?

योहान हौझिंगा या डच इतिहासकाराच्या 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथाचा सिद्धान्त असा कीं, काव्य, न्यायसभा, युद्ध, तत्त्वज्ञानांतील कूटप्रश्न या सर्वांचें मूळ खेळांत आहे. मराठी वाचकास याचें फारसें नवल वाटूं नये. आपण नाटकाच्या प्रयोगासहि 'खेळ'च म्हणतों, आणि 'डाव' या एकाच शब्दानें पत्त्यांचा डाव व शत्रूचा कावा हे दोन्ही अर्थ व्यक्त करतों. शिवाय ग्रंथकार आपल्या विद्येस परका नव्हे. त्यानें आरंभ केला तो संस्कृताच्या अभ्यासानें. १८९७ सालचा त्याचा प्रबंध संस्कृत नाटकांतील विदूषकावर आहे.

खेळ स्वेच्छेनें मांडलेला असतो. त्यास नेमलेली जागा, नेमलेला वेळ व बंधनकारक नियम असतात. आणि त्यांत पोटापाण्याचा हेतु नसतो, असें त्याचें लक्षण ग्रंथकार करतो. या शेवटच्या अटीमुळें जुगाराची वाट लागत नाहीं, असा आक्षेप रोजे कायवा या फ्रेंच लेखकानें १९५८ सालीं घेतला. आमचा आक्षेप निराळा आहे.

हौझिंगा म्हणतो, लबाडी करणाऱ्यापेक्षां खेळ मोडणाराच मंडळींस अधिक असह्य होतो. कारण लबाड मनुष्य निदान रिंगण मान्य केल्याचें सोंग तरी करतो. हें निरीक्षण मार्मिक आहे. पण तें त्याच्याच एका उदाहरणास लावून पाहावें. रिंगणाच्या गूढ सामर्थ्याचा दाखला म्हणून तो द्यूतमंडलाचा उल्लेख करतो. देणें फेडल्यावांचून खेळणाऱ्यास त्यांतून बाहेर पडतां येत नसे. कौरवसभेंत लबाडी करणारा शकुनि होता; तथापि तो रिंगणांत सन्मानानें बसला. खेळ मोडूं पाहिला तो द्रौपदीनें. स्वतःस हरलेल्या पुरुषास पत्नी पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, हा तिचा प्रश्न. भीष्मासहि त्याचें निश्चित उत्तर देतां आलें नाहीं. विकर्णानें तिची बाजू घेतली, तेव्हां त्यालाच गप्प बसविण्यांत आलें. ज्या स्त्रीनें डाव मांडला नव्हता, तिच्यावर डावाचे नियम लादले गेले. मग तो खेळ कसला?

पाखंडी, सुधारक व प्रेषित हेहि खेळ मोडणारेच, असें हौझिंगा जातां जातां सांगतो, आणि विवेकबुद्धीचा निर्णय खेळापलीकडचा आहे हें ग्रंथाच्या अगदीं अखेरीस मान्य करतो. जें आरंभीं सांगावयाचें, तें शेवटच्या पानावर आलें, ही या ग्रंथाची उणीव होय.

त्याचें चरित्र मात्र येथें ग्रंथाच्या पुढें गेलेलें दिसतें. १९३३ सालीं तो लायडन विद्यापीठाचा रेक्टर असतांना तेथें आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-परिषद भरली. जर्मन मंडळाचा प्रमुख योहान फॉन लेर्स यानें यहुद्यांवर बालहत्येचा किळसवाणा आरोप करणारें पत्रक लिहिलें होतें. हौझिंगानें त्यास विद्यापीठांतून निघून जाण्यास सांगितलें, आणि जर्मन मंडळहि परत गेलें. यजमानाचा उपचार मोडून त्यानें परिषदेचा मान राखला, असेंच आम्ही म्हणूं. पुढें १९४२ सालीं जर्मन सत्तेनें त्यास कांहीं काळ अटकेंत ठेविलें व नंतर लायडनला परतूं दिलें नाहीं. १९४५ च्या फेब्रुवारींत, हॉलंड पूर्ण मुक्त होण्यापूर्वींच, तो निवर्तला.

नाटक, क्रीडा व काव्य यांत रस घेणाऱ्यांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र तो वाचतांना सभापर्व जवळ असूं द्यावें.