निवांतपणाचे गद्य आणि आपली भाकरी

मराठीत ललित निबंधाइतका निरुपद्रवी समजला गेलेला वाङ्मयप्रकार दुसरा नसावा. फडके, खांडेकर, काणेकर यांनी स्वातंत्र्यापूर्वीच्या दोन दशकांत तो रुजवला आणि तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसला आहे. त्याची लक्षणे आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. विषय कितीही क्षुल्लक चालतो. चहा, छत्री, कचेरीतला कंटाळा, आगगाडीचा प्रवास, सुट्टीतले जेवण. वृत्ती प्रसन्न हवी. लेखकाने वाचकाशी गप्पा माराव्यात आणि त्या गप्पांतून त्याचे व्यक्तिमत्त्व उमलावे. एका तालुक्याच्या गावी गेली नऊ वर्षे मी हे शिकवतो आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे ही लक्षणे मी आधी परीक्षेसाठी पाठ केली आणि त्यांच्याकडे नीट पाहिले ते पुष्कळ नंतर. माझी शंका दुसऱ्या लक्षणाविषयी आहे. प्रसन्न वृत्ती ही लेखनाची अट कशी काय होऊ शकते? ती कुणाला परवडते, आणि तिची किंमत कोण मोजतो?

पु. ल. देशपांडे यांचा 'हसवणूक'मधला 'माझे खाद्यजीवन' हा लेख मी आवडीने शिकवतो. वर्ग हसतो, मीही हसतो. खाण्यावरचे इतके निर्मळ प्रेम मराठीत क्वचितच कुणी लिहिले असेल. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा हेतू नाही. तसला उथळपणा आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. मला दिसते ते एवढेच, की अशा लेखांतल्या 'मी'ला या महाराष्ट्रातली सगळी दारे उघडी असतात. तो कुठल्याही गावी उतरतो, कुणाच्याही ओसरीवर बसतो, त्याच्यापुढे ताट येते आणि तो चवीबद्दल बोलू लागतो. ताट येईल की नाही, पाणी वरून ओततील की हातात तांब्या देतील, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवत नाही. म्हणूनच त्याचे सगळे लक्ष जिभेवर राहू शकते. निवांतपणा हा त्या गद्याचा गुण म्हणून सांगितला जातो. मला तो गुणापेक्षा वतन वाटतो.

या प्रकाराला दृष्टीच नव्हती असेही नाही. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती'तला (१९४९) 'वाटचाल' हा लेख पाहावा. पंढरीच्या वाटेवर एकाच दिंडीत एकच अभंग म्हणणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, हे बाईंना दिसले, टोचले आणि त्यांनी लिहिले. प्रवास आणि जेवण या दोनच गोष्टींतून एवढे मोठे सत्य त्या लेखात आले. पण ते दिंडीच्या आतल्या माणसाने पाहिलेले आहे. ज्याला पंगतीतच घेत नाहीत, तो रस्ता कसा चालतो?

त्यासाठी वेगळे पुस्तक काढावे लागते, आणि ते ललित गद्याच्या यादीत सापडत नाही. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आठवणींचे छोटे टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केले. त्यातली पहिली आठवण १९०१ची आहे. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीवर. साताऱ्याहून मुले त्यांना भेटायला निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, सोबत फराळाचा डबा, पहिलाच आगगाडीचा प्रवास. आनंदाची सगळी सामग्री आहे, अगदी लघुनिबंधाला लागते तेवढी. मसूर स्टेशनावर मुले उतरली. कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची वाटली. जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि अशा अटीवर, की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्र पडली. डब्यात खायला भरपूर होते, पण प्यायला पाणी मिळेना. टोलनाक्यावर आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले, तरी मिळाले नाही. अन्न जवळ असून मुले उपाशी झोपली.

या आठवणीचे दाखले सामाजिक इतिहासात दिले जातात ते योग्यच आहे. मी तिच्याकडे गद्य म्हणून पाहण्याची विनंती करतो आहे. कपडे, भाडे, डबा, बैल, नाका, पाणी. एकही उसासा नाही, एकही विशेषण चढवलेले नाही. ज्या बारीकसारीक तपशिलांवर ललित निबंध जगतो, तेच तपशील इथे आहेत. फरक एवढाच, की इथे एकही तपशील क्षुल्लक राहू शकत नाही. पाण्यावाचून डबा उघडता येत नाही, हे ज्ञान आपल्या एकाही खाद्यलेखात मला आढळले नाही.

आणि हा निबंध आपल्या मुलापर्यंत कसा पोचला, तेही पाहण्यासारखे आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेची सहल आहे. वाण्याबामणांची पोरे वेगळी बसून खातात, उरलेले महारांच्या पोरांना मिळते. घरी आल्यावर आई विचारते, माझ्यासाठी थोडे का आणले नाहीस. दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गाला निबंध घालतात: सहल. पोराला सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही, आणि मास्तर त्याला जातीवरून हिणवून लिहायला लावतात. प्रवास, जेवण आणि निबंध हे तिन्ही एकाच प्रसंगात आले आहेत. मराठी ललित निबंधाची याहून नेमकी समीक्षा मला कुठल्या समीक्षाग्रंथात सापडली नाही. सहलीवर प्रसन्नपणे लिही, असे ज्याला सांगितले जाते, त्याच्याजवळ त्या सहलीबद्दल सांगण्यासारखे सगळ्यांत जास्त आहे. पण त्या साच्यात त्यातला एक शब्द बसत नाही.

इथपर्यंतचे आपल्या वाचकांना नवे नाही. मला खरे भांडण काढायचे आहे ते आपल्याच बाजूच्या समीक्षेशी. 'बलुतं' १९७८ साली आले, त्याला पाऊणशे नव्हे तरी पंचेचाळीस वर्षे उलटून गेली. या सगळ्या काळात आपण दलित गद्याबद्दल दोनच शब्द बोलत आलो: वेदना आणि विद्रोह. सहानुभूतीने वाचणारा पांढरपेशा वाचक वेदना शोधतो, आपला कार्यकर्ता विद्रोह शोधतो. या दोघांच्या मध्ये रोजचे जगणे सांडून जाते. संतामाय शेणातले ज्वारीचे दाणे धुऊन त्याची भाकरी करते, हा प्रसंग सर्वांना पाठ आहे, कारण तो भयंकर आहे. पण म्हातारीला ते दाणे निवडायचे कसे, किती पाण्यांनी धुवायचे, वाळवायचे, दळायचे हे ठाऊक होते. ती तिची अक्कल होती, तिचे कसब होते. त्याबद्दल कुणी एक परिच्छेद लिहीत नाही. भूक ही आपल्या समीक्षेत भावना होऊन बसली आहे. आमच्या आयांच्या दृष्टीने ती रोज सकाळी सोडवायची कामगिरी होती.

ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'ची (२००३) सुरुवात आठवा. कोकणातल्या बायका डोईवर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला चालल्या आहेत. पाय पोळतात, मान अवघडते, आणि तरीही त्या एकमेकींची थट्टा करीत, हसत चालल्या आहेत. हे प्रवासवर्णन नव्हे तर काय? आई सुपे-टोपल्या विणते आणि लेक लिहिते, या दोन विणींतले नाते लेखिकेनेच सांगितले आहे. कामाविषयीचे इतके जवळून केलेले चिंतन समोर असताना आपण त्याला 'स्त्री-दलित आत्मकथनातील दुहेरी शोषण' असे लेबल लावून मोकळे होतो. शोषण आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या बायका कशावर हसत होत्या, हा प्रश्न एम.ए.च्या पेपरात यायला काय हरकत आहे?

खाण्याच्या बाबतीत हा गुंता अधिक अवघड आहे, आणि तिथे मी थोडा थांबणार आहे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या महार आणि मांगांच्या घरात काय शिजत होते आणि कसे, हे त्यांनी कृतींसह लिहिले. चान्या, रक्ती, वजडी. तेल कमी, तूप-दुधाचा पत्ता नाही. नावातच त्यांनी श्लोकाची गाठ सोडवून दाखवली. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि मग मोठ्या शहरांतल्या लोकांना आपल्या राज्यात असेही स्वयंपाकघर असल्याचे कळले. मराठीत घराघरांत पोचलेले पाककृतीचे पुस्तक म्हणजे कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा'. तिची उपयुक्तता मी नाकारत नाही, माझ्या बायकोच्या फळीवरही ती आहे. पण 'महाराष्ट्रीय जेवण' म्हटले की जे ताट डोळ्यांसमोर येते, ते कुणी वाढले, याचा विचार पाटोळ्यांचे पुस्तक वाचल्याशिवाय सुरू होत नाही.

यावर आमच्याच वस्तीतली जाणती माणसे रागावतात. त्यांचे म्हणणे असे, की १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले, आपल्या आजोबा-पणजोबांनी ते हट्टाने सोडले, आणि आता तुम्ही शिकलेली पोरे त्याच्या कृती छापता? हा राग थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ते सोडणे हे आपल्या इतिहासातले फार मोठे कर्तेपण आहे. मृतमांस हे गावकीच्या कामाशी आणि गावाने दिलेल्या जागेशी बांधलेले होते, आणि ती दावणच तोडायची होती. पण सोडलेल्या गोष्टीची लाज बाळगणे आणि तिची नोंद ठेवणे यांत अंतर आहे. शिवाय जे सोडले नाही, जे विकत आणून आजही आवडीने शिजते, त्याचे काय? गोवंश हत्याबंदीचे विधेयक विधिमंडळाने १९९५ साली मंजूर केले होते. २०१५मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैलाचे मांसही बंद झाले. पाटोळ्यांचे पुस्तक त्याच वर्षी आले. त्यामुळे ते केवळ चवीचे पुस्तक राहूच शकत नव्हते.

मी एकदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला 'आमच्या घरचा एक पदार्थ' हा विषय दिला. वह्या तपासायला घेतल्या. पुरणपोळी, श्रीखंड, मोदक, पुन्हा पुरणपोळी. ज्यांच्या घरी वर्षातून एकदाही मोदक होत नाहीत, अशा पोरांनीही मोदक लिहिले होते, आणि तेही चुकीच्या कृतीने. एका मुलीने येसराची आमटी लिहिली होती, ती उत्तम. एका मुलाने आधी 'वजडी' लिहून ते खोडले होते आणि वर 'भाजी' लिहिले होते. कृती मात्र वजडीचीच ठेवली होती: गरम पाण्यात बुडवून सुरीने खरवडायची, उलटी करून पुन्हा धुवायची, वास जाईपर्यंत. भाजी कुणी खरवडते का? त्या कृतीतले मराठी त्या गठ्ठ्यातले सर्वांत चांगले मराठी होते. क्रियापदे नेमकी, एकही शब्द उसना नाही. मोदकवाल्यांच्या वाक्यांना मार्गदर्शक पुस्तकाचा वास येत होता.

त्या मुलाला कुणी धमकावले नव्हते. आजचे बहिष्कार असे बोलून होत नाहीत. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हापासून तिकीट देणारा जात विचारत नाही, ही साधी गोष्ट नव्हे, तिच्यावर खरे तर कुणीतरी मन लावून लिहायला हवे. पण शेजारी बसलेला गृहस्थ अर्ध्या तासाने नाव विचारतो, मग आडनाव, मग गाव, मग 'गावात कुठल्या आळीला'. मी रोज चाळीस किलोमीटर जातो-येतो आणि या परीक्षेला बसतो. प्राध्यापक कक्षात डबे उघडतात तेव्हा प्रश्न याहून सभ्य असतो: 'आज काय आणलंय सर?' बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला माणूस नोकरीसाठी परगावी जातो आणि खोलीसाठी जात लपवतो. खोडून 'भाजी' लिहिणारा मुलगा त्याच घरातला आहे. मार्क मात्र मी त्याला वजडीला दिले, आणि वहीत तसे लिहिलेही.

आमच्या अभ्यासक्रमात 'ललित गद्य' हा एक पेपर आहे आणि 'दलित साहित्य' हा दुसरा. पहिल्यात व्यक्तिमत्त्व, शैली, विनोद यांवर प्रश्न येतात. दुसऱ्यात समाज, अन्याय, जाणीव यांवर. मी मागे एका बैठकीत सुचवले होते, की सहलीचा तो उतारा आणि मसूर स्टेशनची ती आठवण पहिल्या पेपरात घ्यावी, आणि त्यांच्यावरही शैलीचा, निरीक्षणाचा, 'मी'च्या घडणीचा प्रश्न विचारावा. त्याचबरोबर पुलंच्या लेखावर दुसऱ्या पेपरातला प्रश्न घालावा: या जेवणात पाणी कुणी भरले? सूचना कुणाला वाईट वाटली नाही. वर्गवारीत गोंधळ होईल, एवढेच मत पडले आणि चहा आला. सूचना मी लेखी देऊन ठेवली आहे. दरम्यान वर्गात दोन्ही उतारे एकाच तासाला वाचायला परवानगी लागत नाही, तसे मी वाचतो. मुले दोन्हीकडे हसतात, आणि दोन्हीकडे कधी गप्प होतात ते मी टिपून ठेवतो आहे.