मातीतील उपासक : मीरपूर खासच्या शिल्पांविषयी

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील मीरपूर खासची भाजक्या मातीची शिल्पे हा बौद्ध कलेचा अमोल ठेवा होय. सिंधमधील काहू-जो-दडो येथील विटांच्या स्तूपाचे उत्खनन हेन्री कझेन्स यांनी १९०९-१० मध्ये केले. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे हा ठेवा मुंबईस आला.

अभ्यासक ही शिल्पे इ.स. पाचव्या शतकाच्या सुमाराची मानतात आणि 'गुप्तकालीन' म्हणून त्यांचा गौरव करतात. या शब्दाने काळ कळतो. परंतु राजवंशाचे नाव पुढे आले की स्तूप मागे पडतो. येथील ध्यानस्थ बुद्धमूर्ती सुट्या नव्हत्या. त्या स्तूपाच्या चौथऱ्यावरील कोनाड्यांत बसविलेल्या होत्या. प्रदक्षिणा करणाऱ्याला त्या एकामागून एक दिसत. दालनात एकाच मूर्तीपुढे उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाने ही मूळ रचना मनात उभी केली पाहिजे.

माध्यमाचाही विचार हवा. भिवंडी तालुक्यातील लोनाड किंवा मुंबईजवळील कान्हेरी येथे लेणी खडकात कोरली गेली. सिंधच्या गाळाच्या सपाट प्रदेशात माती हेच सहज मिळणारे साधन होते. म्हणून तेथे भिंतीची वीट, तिच्यावरील नक्षी आणि तथागतांची मूर्ती यांचे द्रव्य एकच आहे. मोठी मातीची मूर्ती सावकाश वाळवावी लागते. ओल राहिली तर ती भट्टीत तडकते. मातीकाम दगडी शिल्पाहून कनिष्ठ मानणारी दृष्टी या कौशल्यावर अन्याय करते.

संग्रहातील सर्वांत लक्षणीय शिल्प हातात कमळ घेतलेल्या पुरुषाचे आहे. कोणी त्यास पद्मपाणि बोधिसत्त्व म्हणतात, कोणी उपासक किंवा दाता. आमच्या मते केवळ कमळावरून त्यास बोधिसत्त्व ठरविणे घाईचे होईल, कारण पुष्प अर्पण करणे हे उपासकाचेही कृत्य आहे. कुरळे केस, सौम्य मुख आणि उभे राहण्यातील सहजता यांतून कलावंताने श्रद्धेचे दर्शन घडविले आहे. त्या श्रद्धेत दैन्य नाही, याचना नाही.

ज्या मातीत तथागत घडले त्याच मातीत त्यांच्यापुढे उभा असलेला गृहस्थही घडला, आणि तोही तितक्याच काळजीने. या शिल्पांची थोरवी राजवंशाच्या नावापेक्षा या समान आदरात शोधणे अधिक उचित ठरेल.