पंखा फिरला, पण रेटा किती?

विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी आणि पवनचक्की यांच्या शेजारी आता लॅपटॉपही मांडलेला असतो. पडद्यावर ड्रोनचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, आणि त्याच्या मागे निळ्या-तांबड्या रंगांत सुटलेला हवेचा झोत. अशाच एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून आम्ही अकरावीच्या चार विद्यार्थ्यांच्या टेबलापाशी थबकलो, आणि पहिल्या फेरीत चित्र पाहूनच भरघोस गुण देऊन पुढे गेलो. दुसऱ्या फेरीत खाली लिहिलेला आकडा वाचला, आणि मग आमचीच आम्हाला लाज वाटली. त्या प्रयोगाचे राहून गेलेले परीक्षण येथे करत आहोत.

आधी जमेची बाजू. प्रवाहाची जी समीकरणे नाविए यांनी 1822 मध्ये आणि स्टोक्स यांनी 1845 मध्ये मांडली, ती कागदावर फार थोड्या प्रसंगी सुटतात. म्हणून पंख्याभोवतीच्या हवेचे लाखो बारीक कप्पे पाडून संगणक प्रत्येक कप्प्यातील वेग आणि दाब काढतो. पाती फिरवत ठेवली तर हे कप्पेही फिरवावे लागतात. ते टाळण्यासाठी मुलांनी एक जुनी युक्ती वापरली होती. पंख्याबरोबर आपणही फिरायचे. मेरी-गो-राउंडवर बसलेल्याला घोडे स्थिर आणि जत्रा फिरताना दिसते, तशी येथे पाती स्थिर होतात आणि हवा फिरू लागते. मोबदल्यात अपकेंद्री आणि कोरिओलिस ही दोन बळे हिशेबात धरावी लागतात. हे सारे एका मुलीने इतके स्वच्छ सांगितले की आमच्यापैकी कोणी वर्गात तसे सांगितले असेल की नाही, शंकाच आहे.

आता तो आकडा. पंख्याचा व्यास 25 सेंटिमीटर, फेरे मिनिटाला 6000, आणि मिळालेला रेटा 0.127 न्यूटन. म्हणजे सुमारे 13 ग्रॅम वजन उचलण्याइतका! असे चार पंखे लावलेले दीड-दोन किलोचे ड्रोन हवेत उभे राहते. तेव्हा एका पंख्याकडून 5 न्यूटनच्या आसपास अपेक्षा धरायला हरकत नाही. गाईने शेळीइतके दूध दिले तर गवळी वैरण तपासतो. येथे मुलांनी, त्यांच्या शिक्षकांनी आणि आम्ही परीक्षकांनी फक्त झोताचा रंग पाहिला.

चूक शोधायला संगणकाची गरज नव्हती. 5 ला 0.127 ने भागा. उत्तर 39 च्या थोडे वर येते. ही संख्या ओळखीची वाटते का? 2π चा वर्ग 39.5 असतो. रेटा फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे वेग 2π पटीने कमी पडला होता. मुलांनी मिनिटाला 6000 म्हणजे सेकंदाला 100 फेरे असा बरोबर हिशेब केला आणि 100 हा आकडा भरला. ओपनफोमसारखी प्रणाली मात्र तेथे सेकंदाला किती रेडियन ते विचारते. भरायला हवे होते 628.

उलट, 6000 हा आकडा तसाच भरला असता तर? पात्याचे टोक सेकंदाला 750 मीटर वेगाने, म्हणजे ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेगाने फिरले असते. रेटा 91 पट वाढून एखादा विद्यार्थी उचलला गेला असता. हवा दाबली जात नाही असे गृहीत धरलेले असल्याने संगणकाने तेही निमूटपणे काढून दिले असते, आणि चित्र तितकेच देखणे आले असते.

आमचा मोठा आक्षेप याहून वेगळा आहे. पंखा फिरवायला किती शक्ती लागली, हे फलकावर कोठेच नव्हते. रँकिन यांनी 1865 मध्ये आणि आर. ई. फ्राउड यांनी 1889 मध्ये पात्यांचा आकार बाजूला ठेवून पंख्याकडे एक चकती म्हणून पाहिले. जागच्या जागी फिरणाऱ्या पंख्यासाठी त्यातून एक सोपे सूत्र मिळते: रेटा = 2 × हवेची घनता × चकतीचे क्षेत्रफळ × चकतीतून जाणाऱ्या हवेच्या वेगाचा वर्ग. घनता 1.2, क्षेत्रफळ 0.049 चौरस मीटर आणि रेटा 5 न्यूटन धरला तर वेग सेकंदाला साधारण 6.5 मीटर येतो. रेटा गुणिले वेग म्हणजे सुमारे 32.5 वॅट. मोकळ्या हवेत यापेक्षा कमी शक्तीत हे काम कोणताही पंखा करू शकत नाही. एखाद्या संगणकाने 20 वॅटमध्ये 5 न्यूटन दाखवले, तर त्याच्या जाळीत पाच लाख कप्पे असोत की पाच कोटी, उत्तर चूक. ही कसोटी दहावीचा विद्यार्थीही लावू शकतो.

बाकी खोट्या नेहमीच्याच. पंख्याभोवतीची पेटी व्यासाच्या जेमतेम दुप्पट होती. पंख्याचाच वारा भिंतीवर आपटून परत पंख्यात येत होता. पात्याला चिकटून जाणारा हवेचा पातळ थर पकडण्याइतके कप्पे बारीक नव्हते, आणि ते निम्म्या आकाराचे करून उत्तर बदलते का, हेही पाहिलेले नव्हते. पुरावा म्हणून एक आलेख लावला होता, त्यात समीकरणांमधील शिल्लक चूक खाली खाली जाताना दिसत होती. ती रेघ एवढेच सांगते की, दिलेला प्रश्न संगणकाने सोडवला. प्रश्नच चुकीचा दिला असेल तर ती रेघ तरीही खालीच जाते.

आणि प्रश्नात जे घातलेच नाही, ते उत्तरात यायचे कोठून? पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ नौका 1894 मध्ये अपेक्षेइतकी पळेना. पंखा इतक्या जोराने फिरत होता की पाण्यात वाफेच्या पोकळ्या होत होत्या. पार्सन्स यांनी 1895 मध्ये काचेच्या खिडकीची टाकी करून त्या डोळ्यांनी पाहिल्या, पंखे बदलले, आणि 1897 मध्ये स्पिटहेडला तीच नौका 34 नॉटच्या वेगाने धावली. वाफेचा विचारच नसलेल्या गणिताने त्यांना ती अडचण कधीच दाखवली नसती.

त्या टेबलावर खराखुरा पंखाही होता, मोटरीसकट, शोभेसाठी लाकडावर पक्का बसवलेला. जाळीच्या आड, झोत वर जाईल असा तो एका उंच दांड्यावर लावून खाली स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवला असता, तर वाढलेल्या वजनात रेटा वाचता आला असता. हे सुचले नव्हते का, असे आम्ही विचारले. ती मुलगी जरा घुटमळली आणि तिने टेबलाखालच्या दप्तरातून एक वही काढली. काटा ठेवून घेतलेली मापे तीत होती. फसलेल्या अकरा प्रयत्नांच्या नोंदी होत्या, आणि एका पानावर ‘39 पट का?’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. खाडाखोड फार आहे, फलकाशेजारी बरी दिसणार नाही, म्हणून वही मांडू नका असे त्यांना सांगण्यात आले होते.

गुणपत्रिका तोपर्यंत आमच्या हातून गेली होती. प्रयोगवहीसाठी तीत रकानाच नव्हता.