‘पाषाणस्वप्ने’ आणि राष्ट्राची स्मृती

मॉस्कोहून निघणाऱ्या ‘द्रुझ्बा नारोदोव’ या मासिकाच्या डिसेंबर २०१२ च्या अंकात अक्रम आयलिसली या अझरबैजानी लेखकाची ‘पाषाणस्वप्ने’ ही लघुकादंबरी प्रसिद्ध झाली. त्यानंतर दोन-तीन महिन्यांच्या आतच, ७ फेब्रुवारी २०१३ रोजी, राष्ट्राध्यक्ष इल्हाम अलियेव्ह यांनी लेखकाची ‘लोकलेखक’ ही पदवी व तिच्यासोबत मिळणारे निवृत्तिवेतन काढून घेतले. लेखकसंघाने त्याला सभासदत्वातून दूर केले. त्याच्या पत्नीस व मुलास नोकऱ्या सोडाव्या लागल्या, गावोगाव त्याच्या पुस्तकांच्या होळ्या झाल्या, आणि एका लहानशा राजकीय पक्षाच्या पुढाऱ्याने तर या पंचाहत्तर वर्षांच्या वृद्धाचा कान कापून आणणारास दहा हजार मानातचे बक्षीस जाहीर केले. संसदेत जी चर्चा झाली तीत लेखकाच्या रक्ताची तपासणी करून तो खरोखर अझरबैजानी आहे की नाही हे ठरवावे, अशीही सूचना पुढे आली. राष्ट्रीयत्व हे रक्तात असते आणि कादंबरी हा त्या रक्ताचा पुरावा असतो, ही समजूत इतक्या उघडपणे क्वचितच बोलून दाखविली जाते.

या गदारोळात एक गोष्ट मात्र राहून गेली. बाकूमध्ये ही कृती राष्ट्रद्रोहाचा पुरावा म्हणून वाचली गेली. येरेवानमध्ये तिचे स्वागत झाले ते शत्रूच्या घरातून मिळालेला कबुलीजबाब म्हणून. दोन्ही ठिकाणी वाचकाच्या हाती होते ते साक्षीपत्र, कादंबरी नव्हे. तेव्हा ती कादंबरी म्हणून कशी आहे, तिचे यश कोठे आणि अपयश कोठे, हा प्रश्न अद्याप शिल्लक आहे. आणि त्याचे उत्तर शोधू लागले असता असे दिसते की, तिच्यावरील राजकीय आरोप आणि तिच्यातील कलात्मक उणीव या दोन्ही गोष्टी एकाच जागी येऊन भिडतात.

कथानक थोडक्यात असे : सन १९८९ चा अखेरचा काळ. बाकू शहरात आर्मेनियन लोकांविरुद्ध वातावरण पेटलेले आहे. सदाय सादिग्ली हा नामवंत नट, एका वृद्ध आर्मेनियनावर तुटून पडलेल्या जमावाच्या आड जातो आणि स्वतःच मरणप्राय मार खातो. नुवारिश काराबाख्ली हा त्याचा विनोदी नट-मित्र त्याला इस्पितळात आणतो. तेथे बेशुद्धावस्थेत सदायचे मन आपल्या जन्मगावी, आयलिसला, परतते. नाखिचेवान प्रांतातील ओर्दुबादजवळचे हे गाव एके काळी आर्मेनियन व्यापाऱ्यांचे संपन्न नगर होते. आर्मेनियन भाषेत त्याचे नाव अगुलिस. १९१९ च्या डिसेंबरात तेथील आर्मेनियन वस्तीची कत्तल झाली. ती घटना सदायने पाहिलेली नाही. ती त्याने ऐकलेली आहे, मुख्यतः आपल्या सासऱ्याकडून, वृद्ध डॉक्टर अबासालियेव्ह यांच्याकडून, आणि आयकानुश या गावात उरलेल्या आर्मेनियन म्हातारीच्या केवळ अस्तित्वातून. न पाहिलेल्या गोष्टीचे ओझे वाहणारा माणूस, हे या कादंबरीचे खरे केंद्र होय.

लेखक स्वतः १९३७ साली याच गावी जन्मला. त्याचे मूळ आडनाव नाईबोव्ह. ‘आयलिसली’ म्हणजे आयलिसचा रहिवासी. गावाचे नाव आडनाव म्हणून धारण करणारा लेखक त्या गावाच्या दगडांविषयी लिहितो, यात नवल नाही. नवल आहे ते, तो त्या दगडांना कोणाची मालमत्ता मानीत नाही यात. कादंबरीत गावातील बारा चर्चचा उल्लेख येतो. ती मुसलमान गावकऱ्यांच्याही नित्य परिचयाची आहेत. लहान मुले त्यांच्या सावलीत खेळतात आणि घुमटावरचा प्रकाश पाहून दिवसाचा प्रहर ओळखतात. आयलिसली या वर्णनात रेंगाळतो, आणि त्याने रेंगाळावे हेच योग्य. कादंबरीतील सर्वांत सकस गद्य येथे आहे. गावाचा पाणवठा, फळबागा, भिंतींचा रंग, म्हातारीच्या हातचे काम, या तपशिलांतून वाचकास कळते की येथे दोन समाज नुसते शेजारी नव्हते. त्यांच्या स्मृतीची भूमी एकच होती. ‘माणसे आणि झाडे’ या त्याच्या आधीच्या कथात्रयीपासून ही ग्रामसृष्टी सोव्हिएत वाचकांना परिचित होती. ‘पाषाणस्वप्ने’ मध्ये त्याच सृष्टीच्या तळाशी पुरलेली गोष्ट वर आली, एवढाच फरक.

या भूमीचा भारताशी एक जुना धागा आहे. आयलिसपासून जवळच असलेल्या जुल्फा नगरातील आर्मेनियन व्यापाऱ्यांना शाह अब्बासने १६०४–०५ च्या सुमारास उठवून इस्फहानजवळ वसविले. त्यांचेच वंशज पुढे व्यापाराच्या निमित्ताने सुरत, मद्रास, कलकत्ता येथे आले, आणि मुंबईच्या कोटात त्यांनी आपले चर्च बांधले. मूळ जुल्फ्याच्या दफनभूमीतील कोरीव क्रूसशिळा १९९८ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने नष्ट करण्यात आल्या. मुंबईचे ते चर्च मात्र अद्याप उभे आहे.

आता राष्ट्रीयत्वाच्या प्रश्नाकडे वळावयाचे. सोव्हिएत संघातून फुटून निघालेल्या देशांपुढे १९९१ साली जी अडचण उभी राहिली ती केवळ राज्यघटनेची नव्हती. अझरबैजानपुरते बोलावयाचे तर, ज्या लोकांना १९३० नंतरच्या दशकापर्यंत सरकारदरबारीही ‘तुर्क’ म्हटले जाई, त्यांना त्यानंतर ‘अझरबैजानी’ म्हणण्यात येऊ लागले. १९९२ मध्ये राज्यभाषेचे नाव पुन्हा ‘तुर्की’ झाले आणि १९९५ च्या घटनेने ते पुन्हा ‘अझरबैजानी’ केले. लिपीची कथा याहूनही विचित्र आहे : अरबी, मग १९२९ पासून सक्तीने लॅटिन, १९३९ पासून सिरिलिक, आणि १९९१ मध्ये परत लॅटिन. आजोबांची पत्रे नातवास वाचता येऊ नयेत अशी ही व्यवस्था. अशा समाजात भूतकाळ हा पुस्तकांतून सलगपणे हाती येत नाही. तो तोंडोतोंडी येतो किंवा शासन सांगेल तसा येतो. आयलिसलीच्या कादंबरीत १९१९ ची हकीकत नेमकी तोंडोतोंडी येते, आणि म्हणूनच ती शासकीय हकीकतीला अडचणीची ठरते.

शासकीय स्मृतीचे पंचांगही लक्षात घेण्याजोगे आहे. १९ जानेवारी १९९० च्या मध्यरात्री सोव्हिएत सैन्य बाकूत शिरले आणि शंभराहून अधिक नागरिक मारले गेले. ‘काळा जानेवारी’ म्हणून २० तारीख राष्ट्रीय शोकदिन ठरली. शहराच्या टेकडीवरील हुतात्म्यांची वीथी तेव्हापासून स्वातंत्र्याचे तीर्थस्थान झाली. या दुःखाच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु १३ जानेवारीपासून त्याच शहरात आर्मेनियनांच्या घरांवर हल्ले, हत्या आणि लुटालूट चालू होती, त्या आठवड्याला पंचांगात जागा नाही. आयलिसलीने आपली कथा २० जानेवारीच्या अलीकडच्या काळात रोवली आहे. राष्ट्र जेथे आपल्या व्यथेचा आरंभ मोजते त्याच्या आधीच कादंबरीतील माणसाला मार बसलेला आहे. काळाची ही निवड हीच या कृतीतील सर्वांत धाडसी राजकीय कृती म्हणावी लागेल. पात्रांच्या तोंडच्या भाषणांपेक्षा ती कितीतरी अधिक परिणामकारक आहे.

नायकाला नट करण्यातही लेखकाची दृष्टी दिसते. दुसऱ्याच्या सुखदुःखाशी तादात्म्य पावणे हा नटाचा धंदा. रंगभूमीवर जोवर तो हे करतो तोवर त्याला टाळ्या मिळतात. रस्त्यावर त्याने तेच केले की तो द्रोही ठरतो. सदायला आर्मेनियनांची बाजू घ्यावयाची नाही, त्याला केवळ त्या म्हाताऱ्याच्या जागी स्वतःला पाहता येते. ही साधी गोष्ट कादंबरीने फार व्याख्यान न देता सिद्ध केली असती, तर तिची उंची वाढली असती.

दुर्दैवाने आयलिसलीचा संयम सर्वत्र टिकत नाही. सदायच्या मनात एच्मियाद्झिनला जाऊन बाप्तिस्मा घ्यावा, मठात राहावे अशी इच्छा निर्माण होते. पापाचे प्रायश्चित्त म्हणून ती समजण्यासारखी आहे. पण तिच्या आगेमागे आर्मेनियन जीवनाचे जे चित्र उभे राहते ते जवळजवळ निर्दोष, प्रकाशाने न्हाऊन निघालेले. कोणत्याही समाजाला संतत्व बहाल करणे हा त्याच्यावरील अन्यायच असतो, कारण मग त्याच्या माणसांना चुकण्याचाही अधिकार राहत नाही. आयकानुश ही हाडामांसाची म्हातारी आहे तोवर वाचकाचे मन हेलावते. ती प्रतीक होऊ लागताच पकड सैल पडते. डॉक्टर अबासालियेव्ह यांच्या बोलण्यातही लेखकाचा स्वतःचा स्वर वारंवार डोकावतो.

याहून गंभीर उणीव जमावाच्या चित्रणात आहे. बाकूच्या रस्त्यावर हिंसा करणारे लोक कादंबरीत ‘येराझ’ म्हणून येतात, म्हणजे आर्मेनियातून आलेले अझरबैजानी निर्वासित. १९८८–८९ मध्ये सुमारे पावणेदोन लाखांहून अधिक अझरबैजानींना आर्मेनिया सोडावा लागला होता. फेब्रुवारी १९८८ मध्ये सुमगाइत येथे आर्मेनियनांची हत्या झाली. तिच्या आगेमागे दोन्ही प्रजासत्ताकांतून माणसे हाकलली जात होती. या निर्वासितांचीही गावे होती, झाडे होती, थडगी होती. सदायच्या स्मृतीला जी समृद्धी लेखक देतो, तिचा एखादा कण तरी त्या जमावातील एखाद्या तरुणाला मिळावयास हवा होता. तो मिळत नाही. जमाव चेहराहीन राहतो. परिणामी हिंसा कोठून आली याचे उत्तर कादंबरी शहाण्या माणसांच्या संवादातून देते, हिंसा करणाऱ्याच्या मनातून नव्हे. जो लेखक शत्रूच्या मनात शिरू शकला तो स्वतःच्याच लोकांपैकी सर्वांत दुर्दैवी लोकांच्या मनात शिरू शकला नाही, ही विसंगती वाचकास बोचते.

टीकाकारांनी घेतलेला मोठा आक्षेप याच्या जवळ येतो, परंतु तो हा नव्हे. कादंबरीत खोजालीचा उल्लेख का नाही, असे विचारण्यात आले. २६ फेब्रुवारी १९९२ रोजी काराबाखमधील खोजाली गावातून बाहेर पडणाऱ्या शेकडो अझरबैजानी नागरिकांना आर्मेनियन सैन्याने ठार केले. अझरबैजानच्या सरकारी गणनेनुसार मृतांची संख्या ६१३ आहे. घटना भीषण खरी, पण कादंबरीचा काळ तिच्या दोन वर्षे आधीचा. शिवाय लेखकाची भूमिका अशी की, अझरबैजानी म्हणून आपल्या लोकांच्या अपराधाविषयी लिहिणे हे त्याचे काम. आर्मेनियनांच्या अपराधाविषयी आर्मेनियन लेखकांनी लिहावे. ही भूमिका नैतिकदृष्ट्या मान्य होण्याजोगी आहे. कलाकृतीत तोलकाट्याची अपेक्षा धरणे व्यर्थ. एका पारड्यात सुमगाइत आणि दुसऱ्यात खोजाली ठेवून कादंबरी होत नाही, तेथे फार तर शिष्टमंडळाचे निवेदन होईल. आक्षेप घ्यावयाचा तो खोजाली नसल्याबद्दल नव्हे, तर जमावाला मन नसल्याबद्दल.

या संदर्भात ‘अली आणि नीनो’ या कादंबरीची आठवण अपरिहार्य आहे. कुर्बान सईद या टोपणनावाने ती १९३७ साली व्हिएन्नात जर्मन भाषेत निघाली. तिचा कर्ता बाकूत वाढलेला, ज्यू कुटुंबातील आणि पुढे मुसलमान झालेला लेव्ह नुसिंबाउम असावा असे पुष्कळांचे मत. अझरबैजानमध्ये मात्र ती युसूफ वझीर चमनझमीनली याच्या नावावर ठेवण्याचा आग्रह आहे. मुसलमान अली आणि जॉर्जियन नीनो यांची ही प्रेमकथा आज बाकूच्या बहुरंगी भूतकाळाचे प्रतीक म्हणून मिरविली जाते, आणि तीत खलनायक आर्मेनियन आहे याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परक्या भाषेत, कदाचित परक्या हाताने लिहिलेली कादंबरी राष्ट्राने आपली म्हणून उचलली, कारण तीत राष्ट्राची प्रतिमा देखणी आहे. गावच्या लेखकाने स्वभाषेत लिहून स्वतःच रशियनमध्ये आणलेली कादंबरी जाळली, कारण तो आरसा देखणा नव्हता.

‘पाषाणस्वप्ने’ ज्या मासिकात आली त्याच्या नावाचा अर्थ ‘राष्ट्रांची मैत्री’ असा होतो. १९३९ पासून सोव्हिएत लेखकसंघाने त्याचा उपयोग वेगवेगळ्या प्रजासत्ताकांचे साहित्य रशियनमधून एकमेकांपर्यंत नेण्यासाठी केला. त्या मैत्रीत सक्ती किती आणि सद्भाव किती, हा वाद संपणारा नाही. तथापि साम्राज्य मोडल्यावर दोन शेजाऱ्यांच्या मध्ये एक अझरबैजानी लेखक आर्मेनियनांशी बोलू इच्छितो आणि त्यासाठी त्याला मॉस्कोचे जुने मासिक व जुन्या राज्यकर्त्यांची भाषा लागते, ही वस्तुस्थिती कोणत्याही स्वातंत्र्यघोषणेपेक्षा अधिक बोलकी आहे.

२०१६ हे वर्ष अझरबैजान सरकारने ‘बहुसंस्कृतीचे वर्ष’ म्हणून घोषित केले. त्याच वर्षी मार्च महिन्यात व्हेनिसच्या साहित्यसंमेलनास निघालेल्या आयलिसलीला बाकूच्या विमानतळावर अडविण्यात आले, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या गृहस्थाने अधिकाऱ्यावर हात उगारला असा आरोप ठेवण्यात आला. दोन वर्षांनी ‘पाषाणस्वप्ने’ सह त्याच्या तीन कृती ‘निरोप, आयलिस’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली इंग्रजीत एकत्र निघाल्या. २०२० च्या चव्वेचाळीस दिवसांच्या युद्धानंतर आणि सप्टेंबर २०२३ च्या लष्करी कारवाईनंतर काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन निघून गेले. ज्यांच्यासोबत पुन्हा राहता येईल असा निरोप लेखक पाठवू पाहत होता, ते आता तेथे नाहीत. आयलिसची चर्च पाडली जात असताना, १९९७ साली, त्याने तत्कालीन राष्ट्राध्यक्षांना निषेधाची तार पाठविली होती. चर्च त्यानंतर उरली नाहीत. त्यांची बारा ही संख्या, घुमटांवरचा प्रकाश आणि त्यांच्या सावलीत खेळणारी मुले यांची नोंद कादंबरीत आहे.