चौकोन, गाव आणि पाणलोट

नदीचं खोरं किती नाजूक आहे हे ठरवायचं कसं, हा आजचा प्रश्न. त्यासाठी माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटावरचा अहवाल घेऊ. तो ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला सादर झाला. वाद झाला तो मुख्यतः खाणी, धरणं आणि बांधकामांवर; मोजण्याच्या पद्धतीबद्दल फार कमी बोललं गेलं. अहवालामागची नैतिक भूमिका आम्हाला मान्य आहे. आमची हरकत आहे ती एककाला.

समितीने घाटावर साधारण नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन आखले. प्रदेशनिष्ठ वनस्पती, जंगल, उंची, उतार, नदीकाठची झाडी अशा निकषांवर प्रत्येक चौकोनाला गुण दिले आणि त्यांची सरासरी काढली. सरासरी हा मोठा लबाड प्रकार आहे बरं का! महाबळेश्वरच घ्या. कृष्णा, कोयना, वेण्णा यांचं पाणी बंगालच्या उपसागराकडे निघतं. सावित्री तिथूनच पश्चिमेला पोलादपूर-महाडकडे उतरते. असा माथा एका चौकोनात आला, की दोन समुद्रांकडे जाणारं पाणी एकाच आकड्यात कोंबलं जातं. संवेदनशीलता म्हणजे वर काही केलं तर खाली कोणाला भोगावं लागतं, हा संबंध. आणि चौकोनाला वर-खाली नसतं.

समितीला हे दिसलं नव्हतं, असं मुळीच नाही. अंतिम सीमा ठरवताना सूक्ष्म पाणलोट आणि गावांच्या हद्दी पाहाव्यात, स्थानिकांना विचारावं, असं अहवालच सांगतो. पुढे २०१३ च्या कस्तुरीरंगन अहवालाने गाव हेच एकक धरलं. तलाठ्याच्या दृष्टीने सोयीचं. पण ओढा काही गावाची शीव मानत नाही.

‘मग पाणलोटच एकक धरा’, असं कोणी म्हणेल. आम्हीही तेच म्हणू, पण कोयना आडवी येते. कोयनेचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, पोफळीच्या अंगाला उतरवलं जातं आणि वीज काढून झाल्यावर वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात पडलेला पाऊस चिपळूणवरून अरबी समुद्रात जातो. नुसता उतार बघून वाशिष्ठीचं पाणलोट क्षेत्र आखलंत, तर हे पाणी हिशेबातच येत नाही. वाशिष्ठीच्या तक्त्यात शिवसागर जलाशयातून येणाऱ्या पाण्याचा स्वतंत्र रकाना हवा. गाडगीळ समितीच्या निकषांत तो नाही.