एस्थर डुफ्लो यांचे दारिद्र्यविषयक संशोधन : एक समीक्षा

दारिद्र्यनिर्मूलनाच्या चर्चेत सिद्धान्तांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती पुराव्याची. ती भरून काढणे हे एस्थर डुफ्लो यांच्या कार्याचे सूत्र होय. २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी व मायकेल क्रेमर यांच्यासमवेत त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला, तो या प्रयोगाधिष्ठित पद्धतीसाठीच.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातील त्यांचे दोन प्रयोग एकत्र वाचले पाहिजेत. पहिल्यात बालकांच्या पूर्ण लसीकरणाचे प्रमाण शिबिरांविना ६ टक्के, नियमित शिबिरांमुळे १८ टक्के आणि शिबिरासोबत प्रत्येक वेळी किलोभर डाळ दिल्यास ३९ टक्के आढळले. शिबिरास अधिक बालके आल्याने दर बालकामागील खर्चही जवळपास निम्म्यावर आला. गरिबांच्या अज्ञानास दोष देणाऱ्यांना हे सप्रमाण उत्तर आहे.

दुसऱ्या प्रयोगात उपकेंद्रांतील परिचारिकांच्या हजेरीवर देखरेख ठेवून गैरहजेरीबद्दल वेतनकपात ठरविण्यात आली. प्रारंभी हजेरी वाढली. परंतु स्थानिक आरोग्य प्रशासनानेच सवलतीचे दिवस मंजूर करीत गेल्याने सुमारे सोळा महिन्यांत परिणाम नाहीसा झाला. हे अपयश डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय.

तथापि, पद्धतीची मर्यादाही येथेच दिसते. कोणता उपाय परिणामकारक, हे चाचणी सांगते. तो टिकू न देणाऱ्या सत्तासंबंधांचे काय करावे, हे सांगत नाही. तो प्रश्न राज्यशास्त्राचा व समाजशास्त्राचाही आहे. सारांश, डुफ्लो यांचे संशोधन दारिद्र्याच्या अभ्यासाचा अटळ आरंभ आहे, शेवट नव्हे.